मेंदूतलं पाणी येतं कुठून, जातं कुठे आणि गळतं कसं? हे शोधणाऱ्या डॉक्टर डँडीची गोष्ट

सर्दी झाली की नाक गळतं, त्यात विशेष काही नाही. पण समजा नाकाच्या एकाच बाजूने पाणी येतंय. ते चिकट नाही, एकदम स्वच्छ आहे. खाली वाकलं की टपटप गळायला लागतं. घशात उतरलं तर खारट लागतं. सर्दीची कुठलीच गोळी त्याला दाद देत नाही. आणि काही दिवसांपूर्वी गाडीवरून पडून डोक्याला मार लागलेला आहे.

अशा वेळी ते पाणी नाकातलं नसूही शकतं. ते थेट मेंदूभोवतीचं असू शकतं.

डॉक्टर याला सीएसएफ लीक म्हणतात. सीएसएफ म्हणजे सेरेब्रोस्पायनल फ्लुइड, आपल्या मेंदूभोवती आणि मणक्यातल्या मज्जारज्जूभोवती असलेलं पाणी. मोठ्या माणसाच्या शरीरात कुठल्याही क्षणी ते साधारण १५० मिलीलीटर असतं, म्हणजे चहाचा एक मोठा कप. पण शरीर दिवसाला जवळपास अर्धा लीटर तयार करतं. म्हणजे जुनं पाणी सतत कुठेतरी मुरत असतं आणि नवीन सतत तयार होत असतं.

हे आज आपण एका वाक्यात सांगतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे पाणी कुठे तयार होतं, कुठल्या वाटेने फिरतं आणि कुठे शोषलं जातं यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. वाटच नक्की माहीत नसेल तर गळती कुठून शोधणार?

ती वाट रंग टाकून शोधणारा, मग त्या वाटेत हवा भरून तिचा फोटो काढणारा आणि शेवटी कवटी उघडून गळतीवर ठिगळ लावणारा माणूस एकच होता. डॉक्टर वॉल्टर डँडी. गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये कधी डँडी-वॉकर असे शब्द वाचले असतील तर त्यातला डँडी तो हाच.

इंजिन ड्रायव्हरचा पोरगा

डँडीचा जन्म ६ एप्रिल १८८६ चा. गाव अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातलं सेडालिया. वडील जॉन इंग्लंडच्या लँकशायरमधून आलेले, आई रेचेल आयर्लंडच्या आर्माची. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. एकुलता एक मुलगा, अभ्यासात पुढे, शाळेत पहिला. मिसूरी विद्यापीठातून १९०७ मध्ये पदवी घेतली आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला डॉक्टर व्हायला गेला. तयारी एवढी होती की त्याला थेट दुसऱ्या वर्षाला घेतलं. १९१० मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी तो डॉक्टर झाला.

त्या काळचं जॉन्स हॉपकिन्स म्हणजे अमेरिकन वैद्यकाची पंढरी. सर्जरीचा प्रमुख होता विल्यम हॉल्स्टेड. त्याच्या हाताखाली हार्वे कुशिंग हा सर्जन मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्र म्हणून उभं करत होता. डँडीला कुशिंगच्या प्रयोगशाळेत वर्षभर काम मिळालं, मग त्याचा क्लिनिकल असिस्टंट म्हणून जागा मिळाली.

आता असं वाटेल की गुरू भेटला, शिष्य भेटला, पुढची गोष्ट ठरलेली. पण या दोघांचं पहिल्यापासून जमलं नाही. दोघेही तापट, दोघेही हट्टी, आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत याची शंभर टक्के खात्री. कुशिंग १९१२ मध्ये बोस्टनच्या नव्या हॉस्पिटलमध्ये प्रमुख म्हणून गेला. डँडी धरून चालला होता की आपणही त्याच्यासोबत जाणार. ऐनवेळी त्याला कळलं की कुशिंग त्याला नेणार नाही.

इकडे हॉल्स्टेडनेही त्याच्यासाठी जागा ठेवलेली नव्हती, कारण तो जाणार असंच सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सव्वीस वर्षांचा पोरगा, हुशार, पण हातात नेमणूक नाही. हॉस्पिटलचा संचालक विनफोर्ड स्मिथ याने त्याला तिथेच राहू दिलं. पेशंट नाहीत, ऑपरेशन नाहीत, फक्त वेळच वेळ.

या रिकाम्या वेळात डँडीने जे केलं ते बघता, कुशिंगने त्याला मागे ठेवून वैद्यकावर उपकारच केले असं म्हणायला हरकत नाही.

एक लाल रंग आणि तीन प्रश्न

लहान मुलांच्या विभागात केनेथ ब्लॅकफॅन नावाचा डॉक्टर होता. त्याच्याकडे डोकं फुगत जाणारी बाळं यायची. या आजाराचं नाव हायड्रोसेफॅलस, आपल्याकडे लोक सरळ डोक्यात पाणी झालं म्हणतात. बाळाची कवटी जुळलेली नसते, त्यामुळे आत पाण्याचा दाब वाढला की डोकं मोठं होत जातं आणि मेंदूचा थर पातळ होत जातो. बहुतेक बाळं दगावायची. डॉक्टर सुई टोचून पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचं.

पाणी का भरतं हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. जास्त तयार होतंय? वाटेत कुठे तुंबलंय? की वाट मोकळी आहे पण शेवटी ते मुरतच नाहीये? बाहेरून बघून तिन्ही बाळं सारखीच दिसणार.

डँडी आणि ब्लॅकफॅनने यासाठी जी लॅब टेस्ट बसवली ती इतकी साधी आहे की वाचून हसू येईल. घरातली सांडपाण्याची लाइन तुंबली की प्लंबर काय करतो? वरून रंगीत पाणी सोडतो आणि खाली येतंय का बघतो. तेच.

रंगही त्यांना शोधावा लागला नाही. १९१० मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच राउनट्री आणि जेराटी या दोघांनी किडनीची तपासणी करायला एक रंग वापरात आणला होता. फिनॉलसल्फॉनथॅलीन असं त्याचं जीभ वळवणारं नाव. आज त्याला फिनॉल रेड म्हणतात आणि स्विमिंग पूलचं पाणी तपासायच्या किटमध्ये तो अजून सापडतो. त्याची खासियत दुहेरी. एक, शरीरात गेला की किडनी तो पटकन लघवीवाटे बाहेर टाकते. दोन, तो अगदी थोडा असला तरी नमुन्यात अल्कली टाकली की लालभडक होतो, त्यामुळे सापडतोच.

टेस्ट अशी होती. बाळाच्या टाळूतून सुई घालून मेंदूच्या आतल्या पोकळीत, म्हणजे व्हेंट्रिकलमध्ये, एक मिलीलीटर रंग सोडायचा. मग कमरेच्या मणक्यात सुई घालून तिथलं पाणी काढायचं आणि त्यात अल्कली टाकायची. निरोगी वाट असेल तर काही मिनिटांतच मणक्यातलं पाणी लाल होतं. नाही झालं, तर वर कुठेतरी बोळा बसलाय.

झालं लाल, तर तिसरी पायरी. आता बाळाची लघवी गोळा करायची आणि दोन तासांत किती रंग बाहेर पडला ते मोजायचं. मणक्यातलं पाणी रक्तात मुरत असेल तर त्यासोबत रंगही रक्तात जाणार, तिथून किडनीत आणि तिथून लघवीत. मणक्यापर्यंत रंग पोहोचला पण लघवीत जेमतेम दिसला, तर याचा अर्थ वाट मोकळी आहे, पाणी मुरायची जागा बिघडलीये.

एका लाल रंगाने एका आजाराचे दोन आजार झाले. वाट तुंबलेला हायड्रोसेफॅलस आणि वाट मोकळी असलेला हायड्रोसेफॅलस. ही विभागणी आजही न्यूरोसर्जरीच्या पुस्तकात आहे, आणि ऑपरेशन कुठलं करायचं हे आजही त्यावर ठरतं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी मेंदूतल्या एका अरुंद नळीत कापसाचा छोटा बोळा बसवला आणि कृत्रिमरीत्या हायड्रोसेफॅलस घडवून दाखवला. पुढे डँडीने व्हेंट्रिकलमधला कोरॉइड प्लेक्सस नावाचा रक्तवाहिन्यांचा गुच्छ काढून बघितला आणि पाणी मुख्यतः तिथे तयार होतं असं मांडलं. आजच्या नियमांत हे प्रयोग असेच्या असे मंजूर झाले नसते, हे वाचताना जाणवतं. त्या काळी नीतिसमिती वगैरे प्रकार नव्हता.

पहिला पेपर १९१३ च्या डिसेंबरमध्ये आला, सविस्तर काम १९१४ मध्ये. हॉल्स्टेड इतका खूश झाला की त्याचं मत पडलं, असं काम माणसाच्या हातून आयुष्यात एकदाच होतं, डँडीकडून पुन्हा याच्या तोडीचं काही होणार नाही.

हॉल्स्टेड मोठा माणूस, पण हा अंदाज त्याचा चार वर्षांत चुकला.

हवेचा फोटो

एक्स-रेचा शोध १८९५ मधला. त्यात हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. मेंदू आणि त्यातलं पाणी दोन्ही एक्स-रेला जवळपास सारखेच. त्यामुळे गाठ कुठे आहे हे सर्जनला पेशंटच्या लक्षणांवरून ओळखावं लागायचं. हात लुळा पडला तर इथे असेल, नजर गेली तर तिथे असेल. अंदाज चुकला तर कवटी उघडूनही गाठ सापडायची नाही.

हॉल्स्टेडला पोटाच्या एक्स-रेमध्ये आतड्यातल्या गॅसमुळे आजूबाजूचं काही दिसत नाही याचा वैताग यायचा. डँडीने त्याच गोष्टीकडे उलट बाजूने बघितलं. गॅस एवढा ठळक दिसतो, तर मेंदूतलं पाणी काढून तिथे हवाच भरली तर?

इथे एक जुनी केस आठवायला हवी, कारण ती आपल्या विषयाला थेट चिकटलेली आहे. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम लकेट नावाच्या डॉक्टरने एक केस छापली होती. ट्रामची धडक बसून एका माणसाच्या कपाळाच्या हाडाला तडा गेला होता. नंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये त्याची व्हेंट्रिकल्स हवेने भरलेली स्पष्ट दिसली. कवटीच्या फटीतून हवा आत शिरली होती. म्हणजे गळतीच्या वाटेने पाणी बाहेर येतं तशी हवा आतही जाते. तो माणूस वाचला नाही. पण मेंदूत हवा गेली की पोकळीचा आकार एक्स-रेवर उमटतो हे त्या फोटोने जगाला दाखवलं होतं.

डँडीने जे अपघातात घडलं ते मुद्दाम, मोजून-मापून केलं. १९१८ मध्ये त्याने व्हेंट्रिक्युलोग्राफीचा पेपर छापला, वर्षभरात कमरेच्या मणक्यातून हवा सोडायची पद्धतही दिली. जिवंत माणसाच्या मेंदूची आतली रचना पहिल्यांदा दिसायला लागली. पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली की दुसऱ्या बाजूला गाठ, इतकं सोपं.

पेशंटसाठी मात्र ते सोपं नव्हतं. पाणी काढून हवा भरल्यावर भयंकर डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या, काहींचा जीवही जायचा. तरी १९७० च्या दशकात सीटी स्कॅन येईपर्यंत जगभर हीच तपासणी चालली. १९३३ मध्ये या कामासाठी डँडीचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं. मिळालं नाही, त्या वर्षी वैद्यकातलं नोबेल थॉमस हंट मॉर्गनला गेलं.

आणि मग ते ठिगळ

आता गळतीकडे. कवटीचा तळ, म्हणजे नाकाच्या छताचा भाग, काही ठिकाणी अंड्याच्या टरफलासारखा पातळ असतो. त्याच्यावर ड्युरा नावाचं चिवट आवरण, आणि त्याच्या आत पाणी. अपघातात हाड तडकलं आणि ड्युरा फाटला की मेंदूचं पाणी नाकात उतरतं. लंडनच्या सेंट क्लेअर थॉमसन या डॉक्टरने १८९९ मध्ये कसलाही मार न लागता नाकातून मेंदूचं पाणी गळणाऱ्या पेशंटवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे हे होतं, हे डॉक्टरांना माहीत होतं. करायचं काय, हे माहीत नव्हतं.

पाणी गेलं म्हणून माणूस मरत नाही, ते पुन्हा तयार होतं. भीती उलट्या दिशेची असते. नाकात जंतूंची कमी नाही, आणि त्यांना मेंदूपर्यंत सरळ रस्ता मिळतो. मेनिंजायटिस झाला की त्या काळी खेळ खल्लास. पेनिसिलिन वापरात यायला अजून जवळपास वीस वर्षं होती.

१९२६ मध्ये डँडीने एक पेपर छापला. कवटीत हवा शिरलेल्या पेशंटचा. त्याने कपाळाच्या बाजूने कवटी उघडली, मेंदू हळूच उचलला, फाटलेली जागा शोधली आणि पेशंटच्याच मांडीतून कापलेलं फॅशिया लाटा, म्हणजे स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण, तिथे ठिगळासारखं लावलं. गळती थांबली. मेंदूच्या पाण्याची गळती कवटी उघडून यशस्वीपणे बंद केल्याची पहिली नोंद म्हणून वैद्यकाच्या इतिहासात हीच सांगितली जाते.

आज हेच काम बहुतेक वेळा नाकातून दुर्बीण घालून होतं, कवटी उघडावी लागत नाही. ठिगळासाठी मात्र मांडीचं ते आवरण अजूनही वापरतात.

पण गळतंय ते मेंदूचंच पाणी, हे ठरवायचं कसं?

डँडीच्या काळात यासाठी हाताशी होती ती साखरेची तपासणी. सीएसएफमध्ये ग्लुकोज असतं, नाकाच्या शेंबडात सहसा फार कमी, म्हणून गळणाऱ्या पाण्यात साखर सापडली की संशय पक्का. ऐकायला बरोबर वाटतं. पण अश्रूही नाकात उतरतात आणि त्यात ग्लुकोज असू शकतं. पाण्यात रक्त मिसळलं तर साखर सापडणारच. डायबेटिस असेल तर आणखी गोंधळ. उलट मेनिंजायटिस झाला असेल तर सीएसएफमधली साखर घटते, म्हणजे नेमकी धोक्याची केस निसटते. रुमालावर रक्ताचा डाग पडला आणि त्याभोवती फिकट कडं उमटलं तर सीएसएफ समजा, ही जुनी युक्तीही अशीच. रक्तात साधं पाणी किंवा लाळ मिसळली तरी तसं कडं उमटतं.

खरा तोडगा आला १९७९ मध्ये, फिनलंडमधल्या डॉक्टरांकडून. त्यासाठी लागणारं तंत्र मात्र डँडी हयात असतानाच तयार झालं होतं. स्वीडनच्या आर्ने टिसेलियसने १९३७ मध्ये विजेच्या प्रवाहाने रक्तातली प्रथिनं वेगळी करून दाखवली होती. प्रत्येक प्रथिन आपापल्या वेगाने सरकतं आणि त्यांचे अल्फा, बीटा, गॅमा असे गट पडतात. याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात.

रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन असतं, ते बीटा गटातलं. मेंदूत एक एन्झाइम असतं जे या ट्रान्सफेरिनवरची सायलिक ॲसिड नावाची शेपटं छाटून टाकतं. शेपटं गेली की त्याच्यावरचा विद्युतभार बदलतो, आणि जेलवर ते नेहमीच्या जागेपेक्षा मागे राहतं. रक्तातल्याचा पट्टा पुढे, त्याला बीटा-वन म्हणायचं. मागे राहिलेल्याला बीटा-टू. हा मागचा पट्टा नाकाच्या स्रावात, अश्रूत, लाळेत सहसा दिसत नाही. सीएसएफमध्ये दिसतो. याखेरीज डोळ्याच्या आतल्या आणि कानाच्या आतल्या द्रवात असतो, पण ते काही नाकातून गळत नाहीत.

म्हणून आज एकाच बाजूने गळणाऱ्या नाकाचा संशय आला की डॉक्टर पेशंटला खाली वाकवून काही थेंब स्वच्छ ट्यूबमध्ये गोळा करतात आणि बीटा-टू ट्रान्सफेरिनसाठी पाठवतात. काही मोजक्या लोकांच्या रक्तातच असा जास्तीचा पट्टा असतो, उदाहरणार्थ लिव्हरच्या काही आजारांत, त्यामुळे बऱ्याच लॅब सोबत रक्ताचा नमुनाही मागतात. बीटा ट्रेस प्रोटीन नावाची दुसरी तपासणी आहे, तिचा रिपोर्ट लवकर येतो, पण किडनी निकामी असेल किंवा मेनिंजायटिस असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही. या तपासण्या गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाहीत, नमुना मोठ्या लॅबला जातो.

लॅबने फक्त पाणी कुठलं ते सांगितलं. भोक कुठे आहे ते स्कॅनमध्ये शोधायचं. स्कॅनमध्येही नाही सापडलं, तर काही ठिकाणी सर्जन कमरेतून अगदी थोड्या प्रमाणात फ्लुओरेसिन नावाचा रंग सोडतात आणि नाकात दुर्बीण घालून हिरवट-पिवळं पाणी कुठून झिरपतंय ते बघतात.

मणक्यात रंग सोडायचा आणि तो कुठे निघतो ते बघायचं. १९१३ चीच आयडिया.

कुशिंगचं भांडण संपलं नाही

१९२२ मध्ये डँडीने कानाच्या नसेवरची गाठ पूर्ण काढता येते असा छोटा पेपर छापला. या गाठींवर कुशिंगने १९१७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला होता आणि त्याची पद्धत होती गाठ आतून पोखरायची, पूर्ण काढायला जायचं नाही, कारण पेशंट दगावतो. डँडीने आपल्या पेपरमध्ये कुशिंगच्या कामाला पुरेसं श्रेय दिलं नाही असं कुशिंगला वाटलं आणि त्याने संतापून पत्र पाठवलं. डँडीनेही तितक्याच ताठपणे उत्तर दिलं. हवा भरून फोटो काढायच्या पद्धतीवरही कुशिंगचा विश्वास नव्हता. मेंदूच्या शस्त्रक्रियेतली दोन सगळ्यात मोठी माणसं आयुष्यभर एकमेकांना पाण्यात बघत राहिली.

गंमत म्हणजे २३ मार्च १९३७ ला डँडीने जगात पहिल्यांदा मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीच्या, म्हणजे ॲन्युरिझमच्या, मानेवर क्लिप लावून ती बंद केली. ती चांदीची क्लिप मुळात कुशिंगने तयार केलेल्या क्लिपची सुधारित आवृत्ती होती.

डँडी ऑपरेशन थिएटरमध्ये रागीट म्हणून प्रसिद्ध होता. हत्यार द्यायला उशीर झाला की आरडाओरडा, रेसिडेंट डॉक्टरांना तडकाफडकी हाकलणं हे नेहमीचं. पण श्रीमंताकडून भरपूर फी घेणारा हा माणूस शिक्षक, पाद्री आणि गरिबांकडून पैसे घ्यायचा नाही. १९२३ मध्ये त्याने ऑपरेशननंतरच्या गंभीर पेशंटसाठी तीन खाटांची वेगळी खोली केली, जिथे प्रशिक्षित नर्स सतत लक्ष ठेवायच्या. आयसीयूच्या इतिहासात ही खोली सुरुवातीच्या पानावर असते. १९२४ मध्ये त्याने सेडी मार्टिनशी लग्न केलं, चार मुलं झाली, आणि घरी तो अगदी प्रेमळ बाप होता असं त्याच्या चरित्रांत येतं.

सगळंच सोनं नव्हतं. हायड्रोसेफॅलसच्या बाळांचा कोरॉइड प्लेक्सस काढायचं ऑपरेशन त्याने १९१८ मध्ये छापलं, त्या पहिल्या चार बाळांपैकी एकच वाचलं. रंगाच्या टेस्टने आजार कळला होता, पण उपाय हातात आला नव्हता. जास्तीचं पाणी नळीने पोटात सोडणाऱ्या भरवशाच्या शंट पुढे कित्येक वर्षांनी आल्या. डँडीने मात्र आकडे लपवले नाहीत.

जुलै १९३७ मध्ये प्रसिद्ध संगीतकार जॉर्ज गर्श्विन लॉस एंजेलिसमध्ये कोमात गेला. डँडीला बोलवा, असं ठरलं. तो तेव्हा मेरीलँडच्या गव्हर्नरसोबत चेसापीक खाडीत यॉटवर होता. त्याला शोधून विमानाने न्यूअर्कपर्यंत आणलं, पण तिथे फोनवर कळलं की आता थांबायला वेळ नाही, तिकडचे सर्जनच ऑपरेशन करतायत. गाठ कुठे आहे हे शोधायला त्यांनी हवा भरूनच एक्स-रे काढला. डँडी पोहोचला नाही, त्याची तपासणी पोहोचली. गर्श्विन ११ जुलैला गेला, वय ३८.

कुशिंग १९३९ मध्ये वारला. १९४० मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल टीमचा खेळाडू जो मेडविक डोक्यात बॉल लागून कोसळला. टीमने जॉन्स हॉपकिन्सला विचारलं, आणि डँडीने जॉर्ज बेनेट या हाडांच्या डॉक्टरसोबत टोपीच्या आत घालायच्या प्लॅस्टिकच्या पातळ ढाली तयार केल्या. १९४१ च्या सीझनमध्ये डॉजर्सचे खेळाडू त्या घालून खेळले. क्रिकेटमध्ये हेल्मेट रुळायला त्यानंतर साडेतीन दशकं लागली.

१९४४ मध्ये त्याने नाकातून आणि कानातून गळणाऱ्या सीएसएफच्या उपचारावर पुन्हा एकदा सविस्तर पेपर लिहिला. तोपर्यंत युद्धामुळे कवटी फुटलेल्या सैनिकांच्या रांगा लागल्या होत्या आणि हा विषय एखाद्या दुर्मिळ केसचा राहिला नव्हता.

एप्रिल १९४६ मध्ये त्याला पहिला हार्ट अटॅक आला. त्यातून तो सावरला असं वाटत असतानाच दुसरा आला आणि १९ एप्रिलला, साठावा वाढदिवस होऊन तेरा दिवस झाले असताना, तो ज्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं काम करत होता त्या जॉन्स हॉपकिन्समध्येच गेला. डँडी-वॉकर हे नाव १९५४ मध्ये पडलं, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्यातलं एक बाळ त्याने आणि ब्लॅकफॅनने १९१४ च्याच पेपरमध्ये नोंदवून ठेवलेलं होतं.